चार नंबरच्या दालनातलं दार

मावशी आमच्या संग्रहालयात सफाईच्या कामाला लागल्या तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. बुटक्या, रुंद खांद्यांच्या आणि बोलायला अगदी कमी. सकाळी साडेसातला यायच्या, एक नंबरच्या दालनापासून फरशी पुसायला घ्यायच्या आणि दहाला लोकांना आत सोडायच्या आधी सहा नंबरपर्यंत पोचलेल्या असायच्या. मग दिवसभर जिने, काचा, स्वच्छतागृहं.

मी त्याच इमारतीत लोकांना चित्रं समजावून सांगतो. शाळेची पोरं, बाहेरगावचे पाहुणे, वेळ न जाणारे निवृत्त लोक, असे घोळके घेऊन फिरायचं आणि प्रत्येक चित्रापाशी उभं राहून तोंड चालवायचं. पहारेकरी मला मास्तर म्हणतात. त्यात मान किती आणि टिंगल किती, याच्या खोलात मी कधी गेलो नाही. मावशीही मास्तरच म्हणायच्या. पहिली सात वर्षं आमच्यात जे काही बोलणं झालं ते एका वाक्याचं होतं : "मास्तर, पाय जपून, ओलं आहे."

मग ते चित्र आलं.

आमच्या शहरात पूर्वी एकदा कामगारांचा मोठा बंद झाला होता. कापडाचे कारखाने, गोदी, सगळं ठप्प, चालू होती ती फक्त थोडी शिवणघरं. बाराव्या दिवशी मोर्चावर गोळीबार झाला आणि लोक वाट फुटेल तिकडे पळाले. एका गल्लीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका चित्रकारानं ते खिडकीतून पाहिलं आणि पुढे कित्येक वर्षं खपून एक भलं मोठं चित्र काढलं. जिवंतपणी त्यानं ते कुणाला दाखवलं नाही. तो गेल्यावर त्याच्या भाच्यानं आम्हाला दिलं. मागच्या बाजूला फक्त साल लिहिलेलं, नाव नाही.

चित्रात धुरानं भरलेली गल्ली आहे. तुडवले गेलेले लोक, सुटे पडलेले बूट, एक उलटलेली हातगाडी. एक म्हातारा भिंतीला पाठ लावून बसलाय आणि आपल्याच पोटाकडे नवलानं बघतोय. या सगळ्या कल्लोळात उजव्या कोपऱ्यात एक दार आहे, वीतभर उघडं. फटीत एका तरुण मुलीचा चेहरा. बाहेर दुसरी मुलगी, नाकातोंडाला फडकं बांधलेली, डोळे घट्ट मिटलेले. तिनं उजवा हात फटीत घातलाय. आतल्या मुलीचा हात तिच्या मनगटावर आहे. बाहेरच्या मुलीच्या मधल्या बोटावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका चमकतो. सगळ्या चित्रात उजेड म्हणावा असा तेवढाच.

चित्राला नाव हवं होतं. संचालक मॅडमनी सगळ्यांना विचारलं आणि मी सुचवलेलं नाव ठेवलं : 'उघडतं दार'. खालची पाटीही माझीच. ती मुलगी म्हणजे माणुसकी, तिनं धरलेलं मनगट म्हणजे आशा, मिटलेले डोळे म्हणजे विश्वास, आणि तो पिवळा ठिपका म्हणजे काळोखातली ठिणगी. दिवसातून पाच-सहा वेळा मी हे म्हणायचो. लोकांचे डोळे भरून यायचे. खरं सांगायचं तर कधी कधी माझेही यायचे.

चित्र लागल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मावशींनी सफाईच्या मुकादमाकडे अर्ज केला, मला चार नंबरचं दालन नको. "का?" म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "धुळीचा त्रास होतो." मुकादम म्हणाला, "धूळ काय चार नंबरलाच आहे?" तिथेच ते प्रकरण संपलं. पुढची दोन वर्षं मावशी रोज सकाळी त्या चित्राखालची फरशी पुसत राहिल्या, आणि मी रोज दारातून माझा घोळका आत आणत राहिलो.

एका सोमवारी संग्रहालय बंद होतं. मी नव्या पाटीसाठी मापं घेत होतो. मावशी फरशी पुसायची काठी थांबवून उभ्या राहिल्या.

"मास्तर, ती दार उघडत नाहीये."

"काय?"

"लावतेय."

मला हसू आलं. "मावशी, या चित्रावर जाणकारांनी लेख लिहिलेत."

"त्या जाणकारांनी कधी घाईत दार लावलंय का?" त्यांनी काठी भिंतीला टेकवली, हात झग्याला पुसला आणि पुढे केला. "माझं मनगट धरा. मला ओढताय असं धरा."

मी धरलं.

"अंगठा कुठे आहे तुमचा?"

अंगठा मनगटाच्या एका बाजूला होता आणि चार बोटं दुसऱ्या बाजूला. माणूस दुसरं कसं धरणार?

"आता मला ढकला. मला आत यायचंय आणि तुम्हाला मला येऊ द्यायचं नाहीये."

मी त्यांच्या मनगटावर तळवा लावून रेटलं. अंगठा आपोआप बोटांना येऊन चिकटला.

"आता तिचा बघा," मावशी म्हणाल्या.

मी बघितलं. दोन वर्षं, दिवसातून सहा वेळा मी त्या हाताकडे बोट दाखवत होतो. आतल्या मुलीचा अंगठा बोटांना चिकटलेला होता. तळवा सपाट होता. चित्रकाराला हात काढता येत नाही असं म्हणावं, तर शेजारच्या म्हाताऱ्याची बोटं एकेक पेर मोजून घ्यावं इतकी नेमकी होती.

"आणि तिची नजर," मावशी म्हणाल्या. "ती त्या मुलीकडे बघतच नाहीये."

"ती भविष्याकडे..." मी सवयीनं सुरू केलं.

"कसलं भविष्य मास्तर! गल्लीच्या तोंडाशी शिपाई आलेत. त्यांच्याकडे बघतेय."

"पण चित्रात शिपाई नाहीतच. तुम्हाला कसं माहीत?"

मावशींनी काठी परत हातात घेतली आणि फडका पिळायला वाकल्या. मी फटीतल्या चेहऱ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. चाळीस वर्षांत गाल सुटतात, केस जातात. भुवयांमधली ती आडवी आठी मात्र तशीच होती.

"मावशी, या तुम्ही?"

"तेव्हा एकोणीसची होते," त्या फरशीकडे बघत म्हणाल्या. मग तुटक तुटक सांगितलं. त्या शिवणघरात काजं-बटणं करायच्या. तिथल्या मुकादमानं बजावलं होतं की जो मोर्चाला जाईल त्यानं परत येऊ नये, म्हणून त्या टेबलावरच बसून राहिल्या. गोळ्यांचे आवाज आले तेव्हा दार त्यांनीच उघडलं. चाळीस-पंचेचाळीस लोक आत घुसले. मग शिपाई दिसले आणि आतले सगळे ओरडायला लागले, लाव, लाव दार! त्यांनी खांदा लावला. कुणीतरी मागून अडसर हातात दिला.

"म्हणजे उघडलंही तुम्हीच," मी म्हणालो.

"चित्रात लावतेय," त्या म्हणाल्या. "मास्तर, हे कुणाला सांगायचं नाही."

मी शब्द दिला. तो चार दिवस पाळला.

त्या वर्षी गोळीबाराला चाळीस वर्षं पूर्ण होत होती आणि मॅडमच्या डोक्यात मोठा कार्यक्रम घोळत होता. बैठकीत त्या म्हणाल्या, "सगळं आहे, पण जीव नाही यात." तोंडातून निसटलं असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं, पण ते खोटं आहे. मला सांगायचंच होतं. एवढी गोष्ट हातात असून गप्प बसणं माझ्यासारख्या बोलघेवड्याला झेपलं नाही. मी सांगितलं, आणि दार लावण्याचंही सांगितलं. मॅडम काही वाईट बाई नाहीत. त्या क्षणभर विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "आधी उघडलं होतं ना तिनं? मग झालं. चाळीस माणसं वाचवली बाईनं, आणि आपण तिच्याकडून फरशी पुसून घेतोय." त्यांचं काहीच चुकत नव्हतं.

सत्काराचं पत्र मावशींच्या घरी गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढला नव्हता.

"शब्द दिला होतात तुम्ही."

"मावशी, मानाची गोष्ट आहे ही."

"माझ्या शेजारी कोण राहतं माहीत आहे तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं. त्यांनीही त्या दिवशी सांगितलं नाही. पुढचं मला हळूहळू कळत गेलं, पण ते इथेच सांगितलेलं बरं.

मावशींच्या शेजारच्या खोलीत त्यांची मैत्रीण राहायची. चाळीतले सगळे तिला डावरी म्हणायचे आणि ती स्वतःही स्वतःची ओळख तशीच करून द्यायची. शिवणघरात दोघी एका टेबलावर समोरासमोर बसायच्या. डावरी तेव्हा डावरी नव्हती. काजं करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, उजवा हात. बंदच्या त्या दिवशी ती मुकादमाच्या तोंडावर, "चालले मी," म्हणून टेबलावरून उठली ती तशीच मोर्चात गेली. सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते अंगुस्तानही काढायचं राहिलं. बाकी सगळ्यांची अंगुस्तानं लोखंडी, शिवणघरातली. तिचं पितळी होतं, आईचं.

धुरानं तिचे डोळे गेल्यासारखे झाले होते. लोंढ्याबरोबर ती एका गल्लीत शिरली, हाताला दाराची फट लागली, तिनं हात आत घातला आणि दार मिटलं. कुठली गल्ली, कुठलं दार, तिला पत्ता नव्हता. तीन बोटं चिरडली. पाठीत एक गोळी चाटून गेली. ती लोकांच्या पायाखाली पडून राहिली म्हणून वाचली, असं डॉक्टर म्हणाला. दुसऱ्या दिवशी मावशी दवाखाने पालथे घालत तिच्यापर्यंत पोचल्या आणि त्या दिवसापासून त्यांनी तिची पाठ सोडली नाही. लग्न झाल्यावर नवऱ्याला घेऊन त्या तिच्या शेजारच्या खोलीत राहायला आल्या. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन लांब गेली, तरी खोली बदलली नाही. रोज सकाळी सहा वाजता मधल्या भिंतीवर टकटक व्हायची. मावशी जाऊन मैत्रिणीची वेणी घालायच्या, कोटाची बटणं लावायच्या, बुटांचे बंद बांधायच्या. मग डावरीबाई बसस्थानकाच्या तिकीट खिडकीवर जायच्या आणि मावशी आपल्या कामाला. डावरीबाई निवृत्त झाल्या तरी ते चालूच होतं. चाळीतल्या सासवा सुनांना सांगायच्या, मैत्री असावी तर अशी.

त्या चिरडलेल्या बोटांचं दार कुणी लावलं, हे मावशींनी कधी सांगितलं नव्हतं. सुरुवातीला सांगवेना. मग इतकी वर्षं का नाही सांगितलं, हेही सांगावं लागलं असतं. दर वर्षी ते आणखी अवघड होत गेलं. ही नोकरी धरली तेव्हा तो दिवस कुणी रंगवून ठेवलाय हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आणि ते चित्र त्यांच्या मागोमाग कामाच्या जागी येऊन भिंतीवर बसलं. घरी डावरीबाई आणि इथे मी.

सत्काराचं पत्र आलं तेव्हा मावशी कामावर होत्या. पोस्टमननं ते शेजारी दिलं. संध्याकाळी त्या जिना चढून वर येईपर्यंत सगळ्या चाळीला बातमी झाली होती. "अगं, काय बाई आहेस तू!" डावरीबाई कठड्यावरूनच ओरडल्या. "चित्रात आहेस, आणि मला सांगतेस संग्रहालयात नुसती मडकी आहेत!"

मावशींनी मॅडमना जाऊन विनवलं, कार्यक्रम नको. मॅडमना तो विनय वाटला. आजारी पडायचं ठरवलं, तर डावरीबाईंनी औषधासकट समोर ठाण मांडलं. "तापात गेलीस तरी चालेल, उभंच राहायचंय ना?" कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मावशींनीच त्यांना ठेवणीतला कोट चढवला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली.

चार नंबरच्या दालनात त्या दिवशी पाऊल ठेवायला जागा नव्हती. मावशी चित्राशेजारी उभ्या होत्या, हातात फुलं, नजर समोरच्या कोऱ्या भिंतीवर. मी बोलायला उभा राहिलो. काय बोलायचं ते मी आदल्या दिवशी तीनदा लिहून फाडलं होतं. शेवटी नेहमीचंच बोललो. माणुसकी. आशा. विश्वास. ठिणगी. मी मावशींकडे बघत नव्हतो, पण त्यांच्या हातातल्या फुलांचा कागद चुरचुरताना ऐकू येत होता.

ठिणगी म्हणून मी बोट दाखवलं तशा पहिल्या रांगेतल्या एक बाई उठल्या आणि पुढे आल्या. पहारेकरी अडवायला गेला, त्यांनी त्याला कोपरानं बाजूला केलं. चित्राला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या.

"ठिणगी कसली डोंबलाची," त्या म्हणाल्या. "हे माझं अंगुस्तान आहे."

कुणाला काही कळेना. त्यांनी उजवा हात बाहीतून वर काढला, तीन वाकडी बोटं आणि दोन धड, आणि चित्रातल्या हाताशेजारी धरला. मग मावशींकडे वळल्या. चेहरा असा झाला होता की हसतायत की रडतायत ते समजेना.

"तू होतीस? तू मला आत ओढत होतीस?"

मावशींनी फुलं छातीशी धरली.

"चाळीस वर्षं, अगं! चाळीस वर्षं एका शब्दानं बोलली नाहीस!" आणि डावरीबाईंनी सगळ्यांसमोर त्यांना मिठी मारली.

दालन टाळ्यांनी दणाणलं. मॅडम डोळे पुसत होत्या. मी डावरीबाईंच्या खांद्यावरून मावशींचा चेहरा बघितला. तो बरोबर फटीतला चेहरा होता. अंगठ्याचं मला तेवढं माहीत होतं आणि बाकीचं मी त्या क्षणी ओळखलं. तोंड उघडून एक वाक्य बोललो असतो तर चाललं असतं. मीही टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरचे दोन महिने मावशींनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. डावरीबाईंना गोष्ट सांगायला नवा माणूस रोज मिळायचा. दूधवाला, वाणी, खालच्या मजल्यावरचे भाडेकरू. "हिनं माझा हात सोडला नाही हो, दारच दगा देऊन मिटलं." सकाळी बटणं लावताना त्या मावशींच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. मावशींचं जेवण सुटलं. एकदा जिन्यावर मला म्हणाल्या, "मास्तर, पूर्वी ती मला नुसती चांगली समजायची. ते सोसत होतं मला." आणि परत पायऱ्या पुसायला लागल्या.

"सांगून टाका ना तिला," मी म्हणालो.

"तुम्ही सांगितलंत का, त्या दिवशी?"

मी बाजूला होऊन त्यांना पुढची पायरी मोकळी करून दिली.

एका गुरुवारी दुपारी डावरीबाई एकट्याच आल्या. मावशी तेव्हा गच्चीवरच्या टाक्या धुवायला गेल्या होत्या. दालनात दुसरं कुणी नव्हतं. त्या बाकावर बसल्या आणि बराच वेळ चित्र बघत राहिल्या.

"मास्तर, मला जरा पुन्हा समजावून सांगा."

मी सुरू केलं. दुसऱ्या वाक्याला त्यांनी थांबवलं.

"तिकिटाच्या खिडकीत मी तेहतीस वर्षं बसले. माणसाचं तोंड दिसत नाही तिथून, खिडकी ठेंगणी आहे. नुसते हात दिसतात. घेणारे, मागणारे, सुटे परत ढकलणारे. त्या दिवशी गर्दीत मला नीट बघता आलं नाही, डोळ्यांत पाणी होतं. आता आठ दिवस झाले, या चित्राचं छापील कार्ड घरी भिंतीवर लावलंय, रोज बघते." त्या उठल्या आणि चित्राजवळ गेल्या. "हा हात मला ओढतोय का?"

मी माझ्या धंद्यातली सगळी वाक्यं आठवून बघितली. चित्राचे अनेक अर्थ असतात. चित्रकार उत्तर देत नाही, प्रश्न विचारतो. यातलं कुठलंही बोललो असतो तर निभावलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "ढकलतोय. त्या दार लावतायत."

"तुम्हाला ती बोलली?"

"हो. हात तुमचा आहे हे नव्हत्या बोलल्या."

त्यांनी मान डोलावली. कोटाचं वरचं बटण सुटलं होतं, ते डाव्या हातानं लावायची खटपट केली, जमलं नाही, तसंच सोडून निघून गेल्या.

मी गच्चीवर जाऊन मावशींना सांगितलं. त्यांनी नळ बंद केला. "बरं केलंत," असं काही त्या म्हणतील अशी माझी वेडी आशा होती. त्या म्हणाल्या, "आज तिला औषध घ्यायचंय, झाकण उघडत नाही तिला," आणि अर्धा दिवस रजा टाकून गेल्या.

पुढचं मावशींनीच मला सांगितलं, पण बऱ्याच महिन्यांनी.

डावरीबाईंचं दार आतून बंद होतं. हाका मारून उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सहा वाजता भिंतीवर टकटक झाली नाही. आठ वाजता डावरीबाई बाहेर पडल्या, केस तसेच, कोट पुढून उघडा, बुटांचे बंद फरफटत. थंडीचे दिवस होते. चाळीतली एक सून धावत जाऊन बटणं लावायला लागली तर तिच्या अंगावर खेकसल्या. असे नऊ दिवस गेले. मावशी रोज सहाला उठून, आवरून, भिंतीजवळ खुर्ची घेऊन बसायच्या. चाळीत कुजबुज सुरू झाली. कुणी मावशींना विचारलं की काय बिनसलं, तर त्या म्हणायच्या, "माझं चुकलं." मैत्रिणीसाठी इतकं करणाऱ्या बाईचं काय चुकणार, म्हणून लोक डावरीबाईंनाच नावं ठेवायला लागले. सत्कार डोक्यात गेला म्हणे, मैत्रिणीचं कौतुक बघवलं नाही.

दहाव्या दिवशी टकटक झाली.

मावशी गेल्या. डावरीबाई खाटेवर बसल्या होत्या, खोकल्यानं आवाज बसला होता.

"बटणं लाव," त्या म्हणाल्या.

मावशी खालून एकेक लावायला लागल्या.

"आत किती जण होते?"

"चाळीस-पंचेचाळीस."

"सगळे वाचले?"

"सगळे."

"माझा हात आहे हे कळलं होतं तुला?"

मावशी मला म्हणाल्या, "मास्तर, तिथे मला पळवाट होती. धूर होता, गर्दी होती, नाही कळलं म्हणाले असते तर तिनं मानलं असतं. तिला मानायचंच होतं." त्यांच्या हातात तेव्हा वरून दुसरं बटण होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "अंगुस्तान बघितलं."

डावरीबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "खोटं बोलली असतीस तर बरं झालं असतं." आणि थोड्या वेळानं, "वरचं राहिलंय."

मावशींनी वरचं लावलं.

त्या महिन्याच्या शेवटी मावशींनी नोकरी सोडली. मी मॅडमकडे जाऊन चित्राचं नाव बदलावं असा अर्ज दिला. त्यांनी तो नीट वाचला, मला चहा दिला आणि सांगितलं की चित्र आता शाळेच्या पुस्तकात त्याच नावानं छापलं गेलंय. मी अजूनही त्याच दालनात घोळके नेतो. पाटी वाचायला त्यांना दोन मिनिटं देतो आणि त्या हाताविषयी कुणी विचारलंच तर खरं ते सांगतो. फारसं कुणी विचारत नाही. पोरांना त्या म्हाताऱ्याच्या पोटातल्या रक्ताचं जास्त कुतूहल असतं.

मावशी मला परवा बाजारात भेटल्या. वाळल्या होत्या. हातात दोन घरांचं सामान होतं. डावरीबाई मध्यंतरी चुलत बहिणीकडे राहायला गेल्या होत्या, दोन महिन्यांत परत आल्या. तिथे कुणाला वेणी घट्ट घालता येत नव्हती म्हणे.

"आता बोलतात का तुमच्याशी?" मी विचारलं.

"रोज सकाळी एक प्रश्न विचारते. एकच. मी उत्तर देते, मग दिवसभर काही नाही."

"कसले प्रश्न?"

"त्या दिवसाचे. सकाळी हवा कशी होती. मी काय घातलं होतं. ती उठून गेल्यावर मुकादम काय म्हणाला, मी काय म्हणाले. मला आठवत नसेल तर आठवेपर्यंत बसायला लावते." मावशींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "गोळीबार दुपारी दोनचा. आमचे आत्ता कुठे सकाळचे अकरा वाजलेत."

मग घाईनं म्हणाल्या, "जाते मास्तर, तिचं औषध संपलंय," आणि दुकानाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.